बारा पानांवर एकच यादी

तालुक्याच्या गावातलं एखादं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय डोळ्यासमोर आणा. पत्र्याची कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल, दुपारी एक ते चार कुलूप. कार्यकारिणीत नव्यानं आलेल्या तरुण सभासदानं मनावर घेतलंय की वाचनालयाची वेबसाइट करायची. पैसे जेमतेम, म्हणून साइट स्थिर ठेवायची, जिला या धंद्यात ‘स्टॅटिक’ म्हणतात ती. ग्रंथपालानं कपाटातून पुस्तक काढून जसंच्या तसं हातात ठेवावं, तशी इथे सर्व्हरनं फाइल काढून द्यायची. मागे डेटाबेस नाही, मागणी आली की पान नव्यानं रचणारी यंत्रणा नाही. त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नसतं आणि अशी साइट चालवायला खर्चही फारसा येत नाही.

पानं होतात बारा. मुखपृष्ठ, ग्रंथसूची, वेळा आणि वर्गणी, व्याख्यानमाला, संपर्क ही पाच. आणि व्याख्यानमालेच्या फोल्डरात मागच्या सात वर्षांची सात. आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर मेन्यू हवा. पाच नावांची यादी. ती पहिल्या पानात टाइप होते, उरलेल्या अकरांत चिकटवली जाते, झालं काम. पुढच्या महिन्यात समितीत ठराव होतो की ‘बालविभाग’ असं एक पान हवं. तेरावी फाइल करावी लागणार हे कोणालाही कळतं. आधीच्या बारा फाइली उघडून प्रत्येकीत एकेक ओळ घालावी लागणार, हे मात्र फाइल तयार झाल्यावर ध्यानात येतं. नऊ फाइली होतात, तेवढ्यात चहा येतो. दोन महिन्यांनी कोणीतरी सांगतं, २०१९ च्या व्याख्यानमालेच्या पानावर बालविभाग दिसतच नाही.

मेन्यू शिकवणारे बहुतेक पाठ सुरू होतात रंगापासून, सावलीपासून, माउस नेला की हळूच उघडणाऱ्या कप्प्यांपासून. ते सगळं एका दुपारचं काम आहे. अवघड आहे ते चहानंतरच्या तीन फाइलींचं. स्थिर साइटचा मेन्यू म्हणजे अनेक ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट, आणि अनेक ठिकाणी लिहिलेली गोष्ट कधी ना कधी कुठेतरी चुकतेच. वेबच्या पहिल्या वीसेक वर्षांत निघालेल्या कितीतरी युक्त्या या एकाच त्रासातून निघाल्या.

अगदी सुरुवातीला हा त्रास नव्हता, कारण मेन्यूच नव्हता. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासाठी खुलं केलेलं पान आठवून पाहा. त्याची १९९२ ची प्रत अजून पाहायला मिळते. पांढऱ्या जागेवर एकाखाली एक दुवे आणि प्रत्येक दुव्यापुढे एखाद्या ओळीचा खुलासा. पान म्हणजेच मेन्यू. निकोला पेलो या विद्यार्थिनीनं लिहिलेल्या ब्राउझरात तर माउसचाही संबंध नव्हता. प्रत्येक दुव्यापुढे कंसात आकडा दिसायचा, तो टाइप करून एंटर दाबायचं. बँकेत फोन केल्यावर ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणतात, त्याचंच हे वाचायचं रूप. आतल्या पानावर गेल्यावर परतायचं कसं, तर आल्या वाटेनं मागे.

साइट मोठ्या झाल्या, लोक मधल्याच पानावर थेट उतरू लागले आणि प्रत्येक पानावर सगळ्या वाटा दिसायला हव्यात अशी गरज पडली. त्यावर नेटस्केपनं १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत काढलेला उपाय म्हणजे फ्रेम. ब्राउझरची खिडकी उभी चिरायची, डाव्या फाळीत मेन्यूची एक फाइल कायमची बसवायची, उजवीकडे पानं बदलत ठेवायची. कल्पना झकास. मेन्यू एकदाच लिहिला, एकाच जागी दुरुस्त केला. पण उजवीकडचं पान बदललं तरी वरचा पत्ता जिथल्या तिथेच राहायचा. ‘मी आत्ता हे वाचतोय’ म्हणून मित्राला पत्ता पाठवावा, तर त्याच्याकडे मुखपृष्ठ उघडायचं. उलट, शोधयंत्रातून थेट उजव्या फाळीतलं पान उघडलं, तर त्याला मेन्यूच नाही, पान पोरकं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी त्याच वर्षाच्या शेवटी फ्रेमवर सडकून टीका केली. पुढे पानं लिहायच्या एचटीएमएल या भाषेच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत फ्रेमला अधिकृत जागा मिळाली आणि एचटीएमएल ५ मध्ये ती काढूनही घेतली गेली.

दुसरा उपाय सर्व्हरवरचा. पानात मेन्यूच्या जागी फक्त एक ओळ लिहायची: ‘इथे अमुक फाइल आणून बसव’. सर्व्हर पान देण्याआधी ती फाइल उघडतो, मजकूर त्या जागी ओततो आणि पूर्ण पान पुढे पाठवतो. याला सर्व्हर साइड इन्क्लूड म्हणतात. अपाचे सर्व्हरवर ही सोय आजही चालते आणि माझ्या मते ती उगाचच विस्मरणात गेली. अडचण एवढीच की सर्व्हर तुमचं ऐकणारा हवा. नुसत्या फाइली ठेवून घेणाऱ्या आजच्या फुकट जागांवर ही ओळ तशीच पडून राहते.

तिसरा उपाय ब्राउझरवर भार टाकणारा. जावास्क्रिप्टला सांगायचं की पान उघडल्यावर मेन्यूची फाइल आण आणि वर चिकटव. नवशिक्याला हाच सर्वांत हुशारीचा वाटतो. फाइलवर डबल क्लिक करून पान उघडलं, की मात्र मेन्यू गायब असतो. घरच्या संगणकावरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारची फाइल सहसा अशी वाचू देत नाही. सुरक्षेचा नियम आहे. साइटवर चढवल्यावर चालतं, पण मंद नेटवर्कवर आधी बिनमाथ्याचं पान दिसतं, मग मेन्यू वरून पडतो आणि वाचत असलेली ओळ खाली सरकते. एसटीत बसून फोनवर वाचणाऱ्याला हा झटका चांगलाच जाणवतो.

मग आले साइट घडवणारे जनरेटर. टॉम प्रेस्टन-वॉर्नर यांचा जेकिल २००८ चा, स्टीव्ह फ्रान्सिया यांचा ह्यूगो २०१३ चा, अलेव्हन्टी त्यानंतरचा. यांची रीत अशी: मेन्यूची यादी एका छोट्या फाइलीत, पानाचा साचा दुसऱ्या फाइलीत, प्रत्येक पानाचा मजकूर वेगळा. एक आज्ञा दिली की यंत्र यादी, साचा आणि मजकूर जुळवून पुरी बारा पानं तयार करतं. बालविभाग हवा? यादीत एक ओळ वाढवा, आज्ञा पुन्हा द्या, तेरा पानं हजर.

यातली गंमत पाहा. सर्व्हरवर शेवटी जे जातं त्यात मेन्यू तेराच्या तेरा पानांवर पूर्ण लिहिलेला असतो, अगदी हातानं चिकटवल्यासारखा. नक्कल टळलेली नाहीच. नक्कल करणारा हात तेवढा बदलला. म्हणून पाचच पानांची साइट असेल तर मी जनरेटर शिकायला सांगणार नाही. खुशाल चिकटवा आणि एडिटरमधल्या ‘सगळ्या फाइलींत शोधा आणि बदला’ या सोयीवर भागवा. पानं दहा-बाराच्या पुढे सरकली आणि दरवर्षी वाढणार असली, तर मात्र एक रविवार खर्चून जनरेटर बसवावा.

आणखी एक बारीक कारण आहे. यादी सगळीकडे एकच, असं मी आतापर्यंत म्हणत आलो. ते पुरतं खरं नाही. ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण सगळ्या पानांवर एकाच नावाला लागत नाही. संपर्काच्या पानावर ‘संपर्क’ ठळक, ग्रंथसूचीवर ‘ग्रंथसूची’. म्हणजे बारा प्रती हुबेहूब सारख्या नसतात. हातानं चिकटवणारा नेमका इथे चुकतो: मुखपृष्ठावरची यादी खुणेसकट उचलतो आणि अकरा पानं आपण मुखपृष्ठ असल्याचं सांगू लागतात. जनरेटर प्रत्येक पान रचताना यादीतला पत्ता चालू पानाच्या पत्त्याशी ताडून पाहतो आणि जुळला तिथेच खूण लावतो.

आता यादीच्या आत पाहू. मेन्यू ही यादी आहे, हे वेब करणाऱ्यांना उमगायलाही काही वर्षं गेली. नव्वदीच्या शेवटी मेन्यू म्हणजे तक्त्याच्या चौकटींत बसवलेली बटणांची चित्रं. मराठी साइटवर तर चित्रांना दुसरंही कारण होतं: युनिकोड रुळण्याआधी आपला फॉन्ट वाचकाच्या संगणकात असेल याची खात्री नसायची, आणि चित्रातली अक्षरं निदान बिघडत तरी नसत. मार्क न्यूहाउस यांनी २००२ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात दाखवलं की साधी ठिपक्यांची यादी घेऊन, पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसनं तिचे ठिपके काढता येतात आणि ओळी आडव्या मांडता येतात. पुढच्याच वर्षी तिथेच पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी यादीत यादी घालून उघडझाप करणारे कप्पे करून दाखवले आणि पुष्कळांनी ते उचलले.

आजची बांधणी तीच आहे. बाहेर ‘नॅव्ह’ टॅग, आत ‘यूएल’ म्हणजे यादी, यादीत प्रत्येक नावाला ‘एलआय’ आणि त्याच्या पोटात दुव्याचा ‘ए’ टॅग. ‘नॅव्ह’ एचटीएमएल ५ नं दिला. तो दिसायला काहीच बदलत नाही, म्हणून पुष्कळ जण गाळतात. पण जो पान डोळ्यांनी वाचत नाही, त्याला तो फार उपयोगी पडतो. मायकेल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं एनव्हीडीए हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडर अशा जागेला पोचलं की ‘इथे मेन्यू आहे, यादीत पाच गोष्टी आहेत’ असं सांगतं. चालू पानाची खूणही नुसत्या रंगानं देऊन भागत नाही. दुव्याला ‘आरिया-करंट’ हा गुण जोडला की ती खूण ऐकूही येते. आणि सगळ्यात वर ‘थेट मजकुराकडे’ असा एक दुवा ठेवावा. नाहीतर प्रत्येक पानावर तीच पाच नावं ऐकून मग व्याख्यान सुरू व्हायचं.

याच संदर्भातली एक चूक मराठी साइटवर वारंवार दिसते. इंग्रजी नमुना उचललेला असतो आणि पहिल्या ओळीत पानाची भाषा इंग्रजीच राहून जाते. मग मराठी बोलू शकणारं स्क्रीन रीडरसुद्धा इंग्रजी आवाज लावून देवनागरीशी झटापट करतं. तिथे मराठीची दोन अक्षरी खूण, ‘एम’ आणि ‘आर’, घालायला पाच सेकंद लागतात.

उचललेल्या नमुन्याची आणखी दोन भुतं मानगुटीवर बसतात. इंग्रजी मेन्यूत अक्षरं सुटी सुटी केलेली असतात. तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते आणि ‘संपर्क’ दात पडल्यासारखा दिसतो. अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा. दुसरं, ओळीची उंची. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली फारशी जागा लागत नाही. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. अरुंद पट्टीत ‘मुखपृष्ठ’च्या पायाखालचं सगळं कापलं जातं आणि अधोरेखा उकारावरून करवत चालवते. ओळीची उंची दीडपटीच्या पुढे न्या, अधोरेखा जरा खाली ढकला.

नावं कोणती द्यायची, यावर समितीत वाद होणार. होऊ द्यावा, तो रंगावरच्या वादापेक्षा बरा. ‘गॅलरी’ हा शब्द मला तरी कपडे वाळत घालायच्या जागेचा वाटतो. ‘छायाचित्रं’ म्हटलं की प्रश्न मिटतो. ‘आमच्याविषयी’च्या खाली सहसा असतं अध्यक्षांचं मनोगत, आणि ते वाचायला कोणी येत नाही. लोक येतात आज उघडं आहे का ते पाहायला, म्हणून ‘वेळा आणि वर्गणी’ हे नाव मेन्यूत हवंच. ‘इतर’ हे नाव मात्र ठेवू नये. घरातल्या माळ्यासारखं त्यात सगळं जातं आणि पुन्हा सापडत नाही. मेन्यूत सातपेक्षा जास्त नावं नकोत, असाही एक नियम सांगतात आणि त्यासाठी जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधाचा दाखला देतात. तो निबंध माणसाच्या आठवणीत एका वेळी किती गोष्टी राहतात याबद्दल होता. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, पाठ करायचा नसतो. नावं कमी ठेवावीत हे बरोबर. त्यासाठी मिलरना साक्षीला बोलवायचं कारण नाही.

फोनवर काय करायचं? तीन आडव्या रेघांचं चिन्ह सगळ्यांना माहीत आहे. ते नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या ‘स्टार’ या १९८१ च्या संगणकासाठी काढलं होतं आणि फोनच्या छोट्या पडद्यानं त्याला पुनर्जन्म दिला. पण पाच नावांसाठी ते कशाला? सीएसएसमधल्या फ्लेक्सबॉक्सला ‘मावलं नाही तर पुढच्या ओळीत जा’ एवढं सांगितलं की पाच मराठी नावं बहुतेक फोनवर दोन ओळींत बसतात आणि दिसत राहतात. झाकलेला मेन्यू वाचक उघडेल याची काय खात्री? नावं आठ-दहा झाली आणि झाकावीच लागली, तर रेघांशेजारी ‘मेन्यू’ हा शब्द लिहा. एचटीएमएलमधल्या ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ या जोडीनं जावास्क्रिप्टचं एक अक्षरही न लिहिता उघडझाप होते. प्रत्येक नावाला बोट टेकवायला पुरेल एवढी जागा द्या. वेब-सुगम्यतेच्या २०२३ च्या नियमांत किमान २४ गुणिले २४ पिक्सेल म्हटलंय, ॲपल आपल्या ॲपवाल्यांना ४४ पॉइंट सांगतं. म्हाताऱ्या सभासदांचा विचार करून मी मोठ्या आकड्याकडे झुकेन. आणि माउस वर नेला की उघडणारे कप्पे फोनवर विसरा. बोट काचेवर टेकतं, नाहीतर टेकत नाही. वर घुटमळणं त्याला जमत नाही.

आता पत्ते. निम्मे मेन्यू इथे मोडतात. संपर्काची वाट तीन तऱ्हांनी सांगता येते. ‘शेजारचं घर’ ही एक: चालू पानाच्या फोल्डरातच संपर्काची फाइल आहे असं धरून. मुखपृष्ठावरून ती बरोबर पोचवते. तोच मेन्यू २०१९ च्या व्याख्यानमालेच्या पानावर चिकटवला की ब्राउझर व्याख्यानमालेच्या फोल्डरातच संपर्क शोधतो आणि हात हलवत परत येतो. दुसरी तऱ्हा ‘वेशीपासून’: पत्ता तिरक्या रेघेनं सुरू करायचा, म्हणजे साइटच्या मुळापासून मोजणी. कुठल्याही खोलीवरच्या पानावरून ती चालते, म्हणून मेन्यूसाठी हीच बरी. मात्र घरच्या संगणकावर फाइल डबल क्लिकनं उघडलीत, तर वेस म्हणजे अख्खी हार्ड डिस्क होते. जनरेटरसोबत येणारा छोटा सर्व्हर चालवूनच तपासा. गिटहब पेजेससारख्या फुकट जागेवर साइट एखाद्या उपनावाखाली बसली असेल, तर वेशीनंतर ते उपनावही लिहावं लागतं. तिसरी तऱ्हा म्हणजे पिनकोडसकट पूर्ण पत्ता. चालतो, पण साइटचं नाव बदललं की सगळंच बदलायचं.

फाइलींच्या नावांत कॅपिटल अक्षरं घालू नका. विंडोजला लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडत नाही, लिनक्सवरच्या सर्व्हरला पडतो. घरी सगळं चालतं आणि चढवल्यावर एकच दुवा हटून बसतो. फाइलीचं नाव देवनागरीत ठेवायला बंदी नाही. पण ‘संपर्क’मध्ये युनिकोडच्या हिशेबानं सहा अक्षरखुणा, प्रत्येक खूण तीन बाइटची, आणि पत्त्याची नक्कल करून व्हॉट्सॲपवर टाकली की प्रत्येक बाइट बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांचा होऊन जातो. सहाची चोपन्न अक्षरं. मी मेन्यूत मराठी लिहितो आणि फाइलीला रोमन नाव देतो. यावर कोणी मला भाषाद्रोही म्हणालं तर ऐकून घेतो.

सगळं झालं की माउस बाजूला ठेवा आणि टॅब कळ दाबत जा. प्रत्येक दाबाला चौकट कुठल्या नावावर आहे हे दिसतंय का? एंटर दाबल्यावर तिथेच जातंय का? नेटका दिसावा म्हणून ती चौकट कोणी सीएसएसमधून पुसली असेल, तर परत आणा.

आणि एक पान उरलंच. ‘हे पान सापडलं नाही’ सांगणारं, चारशे चारचं. मेन्यूची सगळ्यात जास्त गरज याच पानाला असते आणि बहुधा त्यालाच मेन्यू नसतो, कारण ते बारांत मोजलेलंच नसतं. ते करताना पत्ते वेशीपासूनचेच द्या. हे पान एका ठरावीक पत्त्यावर राहत नाही. वाचक जिथे चुकेल तिथे, कितीही खोल फोल्डरात, ते उगवतं. सभासदानं घाईत २०१९ च्या जागी २०९१ टाइप केलं, तरी त्या न झालेल्या व्याख्यानमालेच्या पत्त्यावरून ‘वेळा आणि वर्गणी’ दाबल्यावर त्याला कळलं पाहिजे की चार वाजेपर्यंत कुलूप आहे.